कागदाबाहेरचा आजार

१० सप्टेंबर, बुधवार

आज तिसऱ्यांदा नवरा मारला! माणूस जाऊन बावीस वर्षं झाली, पण माझ्या कागदावर छापलंय – ‘पती दोन महिन्यांपूर्वी वारले’. म्हणजे दर बुधवारी त्याला पुन्हा वारावं लागतं. जिवंतपणी एवढा कधी कामाला आला नव्हता!

काम असं. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर बुटकीचा वर्ग भरतो. शिकाऊ डॉक्टर एकेक करून आत येतात आणि मी खोटी पेशंट होऊन खुर्चीत बसते. कागदावरचं सांगायचं – छातीत जळजळ, जेवण जात नाही, झोप नाही. नवरा गेल्याचं आपणहून बोलायचं नाही. डॉक्टरने नीट ऐकलं, नीट विचारलं तरच सांगायचं, आणि मग रडायचं. पोटाचं दुखणं नाहीच, मनाचं दुःख आहे – हे ज्याला कळलं तो पास.

टेबलावर वाळूचं घड्याळ असतं, दोन मिनिटांचं. वाळू पडेपर्यंत डॉक्टरने तोंड उघडायचं नाही, पेन उचलायचं नाही, हात मांडीवर. हा बुटकीचा नियम. बघायला काय मजा! एकेकाचे हात असे वळवळतात, जसं काही कोणी मांडीवर मुंग्या सोडल्यात. त्यातला एक बडबड्या, त्याला मी पोपट म्हणते. आज अर्धी वाळू पडली नाही तोच म्हणाला, “आजी, काळजी करू नका, आपण गोळी देऊ.” नवरा गेल्यावर गोळी! मागे बसलेल्या बुटकीने कपाळावर हात मारून घेतला.

बुटकी म्हणजे माझी नात. एवढी मोठी डॉक्टरीण, वहीत तरी नीट लिहावं. पण हाताला सवय बुटकीची. तिसरी शिकलेला हात आहे, नवं वळण घेत नाही.

११ सप्टेंबर

ही वही तिनेच दिली. औषध कंपनीची, दर पानाखाली एकेका गोळीचं नाव. आजच्या पानाखाली जुलाबाची. चांगलं काही लिहायला बसावं तर खाली जुलाब!

पण चांगलंच लिहायचंय. बुटकीला वरची जागा मिळाली! अख्ख्या रुग्णालयाची प्रमुख, आणि शिकवण्याचं सगळं खातंही तिच्याच हाताखाली. संध्याकाळी दारातूनच म्हणाली, “आज्जी, झालं.” मी म्हटलं, “काय झालं? गॅसवर दूध आहे का?” तर म्हणे, “मी झाले.” मला दोन क्षण कळेचना. नंतर कळलं आणि मी स्टुलावर बसूनच घेतलं.

नातजावई गणिताचा मास्तर, महाचेष्टेखोर. म्हणाला, “आता घरात मीठ मागायचं तरी अर्ज द्यावा लागणार. दोन प्रतींत.”

तीन नोव्हेंबरला चार्ज घेणार. मोठा कार्यक्रम आहे. मी पहिल्या रांगेत. तिने चिमूटभर साखर माझ्या तोंडात घातली. साखर बरी. आपली आपण विरघळते.

१४ सप्टेंबर

सकाळपासून तिचे जुने दिवस आठवतायत. लाँड्रीशेजारचा तो एवढासा दवाखाना! एक टेबल, एक कपाट – त्याचं कुलूप मोडकं – आणि भिंतीपलीकडून दिवसभर इस्त्रीची वाफ. थंडीत बरं वाटायचं, उन्हाळ्यात पेशंट तापाने आला की उकाड्याने, कळायचं नाही. चौदा वर्षं बसली तिथे. कोणाच्या घरी कोण खोकतं, कोणाची सून माहेरी गेलीय, कोण गोळ्या घेतो म्हणतो आणि कुंडीत टाकतो – सगळं तिला ठाऊक. तिथूनच तिला या रुग्णालयाने शिकवायला बोलावलं. शिकवता शिकवता आज इथवर.

ती डॉक्टर का झाली ते मला विचारा. तिची आई – माझी लेक – सहा महिने पोटात दुखतं म्हणत होती. डॉक्टर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत चिठ्ठी लिहायला लागायचा. “मनाचे खेळ आहेत हो. घरात काही ताण आहे का?” बुटकी अकरा वर्षांची. आईबरोबर बाकावर बसायची. एकदा उभी राहिली आणि म्हणाली, “डॉक्टरकाका, आईचं अजून सांगून संपलं नाही.” तो हसला. गोड आहे म्हणाला पोरगी.

खरं दुखणं सापडलं तेव्हा हातात तीनच आठवडे उरले होते. मग लेक गेलीच.

म्हणून ती वाळू. वर्गात कोणाला माहीत नाही. त्यांना वाटतं मॅडमची लहर आहे.

पुरे. डोळे भरले की अक्षर दिसत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज काय झालं काय माहीत.

वर्गात एक लांबोडी आहे. ताडमाड उंच, इतरांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. आधी नर्स होती, मग डॉक्टरकीला बसली. ती आली, खुर्ची जरा जवळ ओढली, हात मांडीवर. वाळू पडून संपली, तरी बोलेना. नुसती बघते. बघणंही असं की टोचत नाही. आणि माझ्या तोंडून गेलं – “घास इथे अडतो गं. आधी पावाचा तुकडा अडायचा. आता चहात बुडवला तरी अडतो.”

हे कागदावर नव्हतं!

जिभेवरून घसरलं. मग मी पटकन नवरा मारला आणि रडून घेतलं.

घरी येताना बुटकी म्हणाली, “आज्जी, कागदाबाहेर कशाला गेलीस?”

“रंगात आले गं. नाटकवाले नाही का पदरचं घालतात?”

हसली. पण जरा उशिरा हसली. दमलेली असते पोर.

२१ सप्टेंबर

वहीला तरी खरं सांगते. उन्हाळ्यापासून आहे हे. छातीच्या मधोमध घास थांबतो, जसा जिन्यात कोणी म्हातारा दम खायला थांबावा. मग कधी खाली जातो, कधी परत वर. रुमालात घेते. रुमाल मीच धुते, म्हणून कोणाला पत्ता नाही.

दोन घरं टाकून गेलं तर एक डॉक्टर. आणि आमच्या घरातच एक! आणि मी सांगत नाही. आधी वाटलं जाईल आपोआप, आणि आता का, तर तीन नोव्हेंबर. एवढा एक दिवस पोरीच्या आयुष्यात नीट जाऊ दे. शाळेच्या बक्षीस समारंभाला आई नव्हती, डॉक्टरकीची पदवी घेतली तेव्हा आई नव्हती. आता मी पहिल्या रांगेत हवी, खाटेवर नाही.

आणि दुसरं – वहीतही लिहायला भीती वाटते. दर बुधवारी ती मागे बसलेली असते आणि मी तिच्या देखत बोलते. उद्या हे खरं ठरलं तर ती म्हणेल, आईच्या वेळी तो डॉक्टर आणि आज्जीच्या वेळी मी. हे तिला सोसणार नाही. माझं काय, मी अठ्ठ्याहत्तरची.

दीड महिना तर आहे. बघता बघता जाईल.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज पाच जणांना सांगितलं, अडतं म्हणून. मुद्दाम! पोपटाने जळजळीचं औषध लिहिलं. एकीने मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. एकाने “आजी, सावकाश चावून खा” म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली. लांबोडीने काही लिहिलं नाही, माझ्या हातांकडे बघत राहिली.

खोटं कशाला बोलू – बरं वाटतं. घरी जे ओठावर येऊ देत नाही ते तिथे मोकळं बोलता येतं. सगळे मान डोलावतात, आणि घरी जाताना कोणी चिंता करत नाही.

१ ऑक्टोबर

बुटकी आजकाल स्वतः स्वयंपाक करते. एवढी कामं, भाषण लिहायचंय, माणसं नेमायचीत, आणि ही पातेल्यासमोर! सगळं मऊ, गाळून घेतलेलं. नातजावई म्हणाला, “आपण आजारी आहोत की तान्हे आहोत?” ती म्हणाली, “आज्जीच्या दातांसाठी.”

माझी कवळी गेल्या वर्षीची, खडे फोडीन! पण गप्प बसले. माझ्या सोयीचंच झालं.

८ ऑक्टोबर, बुधवार

लांबोडी भारी निघाली.

वाळू संपली. तिने छातीचं विचारलं नाही, झोपेचं विचारलं नाही. माझ्या मनगटाकडे बघत होती. “आजी, घड्याळाच्या पट्ट्याला ही भोकं कोणी पाडली?”

“मीच. दाभणाने. सैल होतं.”

“किती पाडली?”

“तीन.”

“एकदम तीन, की एकेक करून?”

मी मनगट पदराखाली घेतलं. म्हटलं, “बाई, हे तुमच्या कागदावर नाही.”

“म्हणूनच विचारते.” आवाज खाली आणला तिने. “आजी, नाटकातलं सांगताय की खरं?”

मी मोठ्याने हसले. मागे ऐकू जाईल इतकी हसले. “अगं, मी नटी आहे! तयारीनिशी येते! भोकंसुद्धा पाडून येते!”

ती हसली नाही. माझा हात हातात घेतला, पट्टा नीट केला आणि उठली.

पाप लागेल मला. एवढं सरळ विचारलं पोरीने आणि मी तोंडावर खोटं बोलले.

१५ ऑक्टोबर

बुधवार. गेले नाही. पाय दुखतात सांगितलं. पाय बिचारे ठणठणीत आहेत.

२२ ऑक्टोबर, बुधवार

परीक्षा. मीच पेशंट, तोच कागद. बुटकीने सकाळी दोनदा बजावलं – “आज्जी, आज फक्त कागदावरचं. एक शब्द जास्त नाही. मुलांचं नुकसान होईल.”

एक शब्द जास्त बोलले नाही. नऊ वेळा नवरा मारला. लांबोडीसमोरही नेमकं तेवढंच बोलले. ती सगळं ऐकून उठली आणि दाराशी थांबून म्हणाली, “आजी, माफ करा.” कशाची माफी, कळलं नाही. वास्तविक मी मागायची.

२४ ऑक्टोबर

निकाल. पोपट पास! रडलासुद्धा नवऱ्याच्या गोष्टीला.

लांबोडी नापास.

तिने दुःखाचं लिहिलंच नाही म्हणे. उत्तरात एकच ओळ – ‘ही बाई खरोखर आजारी आहे, तिला आजच तपासणीला पाठवा.’ मला नातजावयाने सांगितलं. बुटकी जेवताना एवढंच म्हणाली, “ती दिलेल्या कागदाबाहेर गेली. मी काय करू?” आणि ताट सरकवून उठली. ताटात सगळं तसंच.

मी म्हटलं, “पुन्हा बसेल की परीक्षेला.”

नातजावई म्हणाला, “नाही आज्जी. मागच्या वेळी आई आजारी म्हणून ती परीक्षेला आलीच नव्हती, तेही नापासातच धरतात. दोनदा नापास म्हणजे घरी.”

हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं.

२५ ऑक्टोबर

काही लिहवत नाही. काही गिळवत नाही.

२९ ऑक्टोबर

कवळीच्या दवाखान्यात जाते सांगून बाहेर पडले आणि रुग्णालयात गेले. वरच्या मजल्यावर कपाटांची रांग आहे, प्रत्येकाला एकेक खण. लांबोडी आपला खण रिकामा करत होती. वॉर्डात घालायच्या चपला, डबा, एक जुनी नर्सची टोपी – ती तिने घडी घालून पिशवीत ठेवली.

मला बघून बाकावर जागा केली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “तू कागदावरचं का नाही लिहिलंस? तुला येत होतं की!”

“येत होतं.”

“मग?”

“आजी, अकरा वर्षं मी वॉर्डात होते. डॉक्टर विचारायचे, काही विशेष? मी म्हणायचे, नाही सर. दिसत असलं तरी, नाही सर. त्यासाठीच तर डॉक्टरकीला बसले. पुन्हा तेच लिहायला नाही.”

मी तिच्याकडे बघू शकले नाही. तिने विचारलं, “तपासून घेतलंत?”

मान हलवली – नाही.

“मग माझं नापास होणं वाया गेलं,” म्हणाली. चिडून नाही. कोणी छत्री विसरल्याचं सांगावं तशी.

३० ऑक्टोबर

सांगितलं.

दुपारी बुटकी टेबलावर भाषण लिहीत बसली होती. मी समोरची खुर्ची ओढली.

“बुटके, लांबोडी पास आहे.”

“आज्जी, निकालात तू पडू नकोस.”

“तिने खरं लिहिलं.”

तिचं पेन थांबलं. काय खरं, असं तिने विचारलं नाही. पेन खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले. मला वाटलं, सवयीने. मग मी बोलत गेले. उन्हाळा, पाव, रुमाल, दाभण, सगळं. तिने मधे एक शब्द घातला नाही. एक प्रश्न नाही! मी संपवलं तरी तशीच. मग उठली, ओट्यावरचा धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. पाठमोरी. नळ चालू.

मी म्हटलं, “तुझा काय दोष? मी लपवलं. मी अशी नटी की मोठमोठे फसले. तू कुठून ओळखणार?”

“आज्जी, असं म्हणू नकोस.”

“का नाही? खरं तेच म्हणते.”

“नको म्हटलं ना!” कप हातातून सुटला. फुटला नाही, नुसता घरंगळला.

अकराव्या वर्षी आई गेली तेव्हाही एवढी ओरडली नव्हती.

३१ ऑक्टोबर

घशातून नळी घातली. आत दिवा असतो म्हणे नळीला. माझ्या पोटात पहिल्यांदाच उजेड पडला असेल. घसा सोलून निघालाय.

२ नोव्हेंबर

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. पिकले केस, शांत माणूस. गाठ आहे. कापायच्या पलीकडे गेलीय. अन्न जाण्यापुरती वाट मोकळी ठेवू, आत जाळीची नळी बसवू. मी विचारलं, “उन्हाळ्यात आले असते तर?” म्हणाले, “आजी, उन्हाळ्यातलं आता कशाला?” म्हणजे काय ते समजले. मला शिकवायला नको. मी त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबले, एवढं मात्र खरं.

बुटकी म्हणाली, उद्याचा कार्यक्रम रद्द. मी म्हटलं, “खबरदार! जवळजवळ दोन महिने मी त्या एका दिवसासाठी गिळतेय आणि तू रद्द करतेस?”

ती जाणार आहे. मला मात्र इथेच दाखल करून घेतलंय.

३ नोव्हेंबर

माझी खाट तिसऱ्या मजल्यावर. सभागृह खाली. खिडकी उघडायला लावली, टाळ्या वर आल्या. कशाला वाजल्या ते कळत नव्हतं, पण मी प्रत्येक वेळी इथून वाजवल्या. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “कोण आहे तुमचं खाली?” मी म्हटलं, “सगळंच.”

नंतर नातजावई आला. चेष्टा नाही, काही नाही. त्याने सांगितलं, बुटकीने लिहिलेलं भाषण घडी करून ठेवलं आणि एवढंच बोलली – परीक्षेचा एक निकाल चुकला, चूक विद्यार्थिनीची नाही, तपासणाऱ्याची, आजपासून दुरुस्त केला आहे. आणि खाली बसली. लोकांना कळेचना, टाळ्या द्यायच्या की नाही. कोणीतरी सुरू केल्या.

संध्याकाळी लांबोडी आली, पांढऱ्या कोटात. शोभतो तिला. म्हटलं, “रागावलीस माझ्यावर?”

“तुमच्यावर नाही, आजी.”

“मग कोणावर?”

तिने वाकून उशी उंच केली, पायावरचं पांघरूण सारखं केलं. नर्सचे हात, जातात कुठे!

५ नोव्हेंबर

दुपारी बुटकी आली. दार लावलं, पडदा ओढला. म्हणाली, “आज्जी, मी ऐकलं होतं. पहिल्यांदा बोललीस त्याच बुधवारी. घरी येईपर्यंत मला कळलं होतं काय असणार. लांबोडीही परीक्षेआधी सांगायला आली होती, तिला मी दारातूनच परत पाठवलं. तिला नापासही म्हणूनच केलं, पास केलं असतं तर तुझा आजार खरा मानावा लागला असता. तू बोलत नव्हतीस, तोवर मला तू घरात तशीच हवी होतीस.”

ती उभीच होती. बरंच काही तोंडाशी आलं माझ्या, गिळलं, आणि तेवढं मात्र खाली गेलं.

भिंतीकडे सरकले. जागा केली. म्हटलं, “आधी बूट काढ.”